तिसऱ्या प्रहराचं दान

बुआलाय माझ्या वर्गात होती तेव्हा फळ्याकडे बघायच्या आधी ती खिडकीतून नदी बघून घ्यायची. "काय दिसतंय ग बाहेर?" असं दरडावून विचारलं तरी घाबरायची नाही. उभी राहून सरळ सांगायची, "बाई, पाण्याला फेस आलाय. वर कुठेतरी जोराचा पाऊस पडलाय." दुसऱ्या दिवशी मेकाँगचं पाणी घाटाच्या दोन पायऱ्या चढलेलं असायचं. गणितात ती बेताची, शुद्धलेखनात त्याहून बेताची. पण सांगितलेलं काम पुरं केल्याशिवाय घरी गेली नाही, आणि आपण केलं असं कधी सांगितलं नाही. अशी मुलं शिक्षकांच्या लक्षात राहतात, आणि बाकी सगळे त्यांना गृहीत धरतात.

ती दोघी बहिणींतली धाकटी. आमच्याकडे धाकट्या मुलीला घर मिळतं, आणि घराबरोबर आईवडील मिळतात. थोरली खेमफोन लग्न होऊन विएंतियानला गेली. बुआलाय राहिली. वडील गेले. नवरा वरच्या धरणाच्या कामावर, भातकापणीला आणि नव्या वर्षाला येणार. मुलगा शिकायला बाहेर. घरात ती आणि आई.

बुआलायचं नाव झालं ते होडीमुळे. आमच्या हात-खाम गावात बायकांची लांब होडी आहे. ती वर्षभर विहाराच्या छपराखाली असते, आणि वर्षावास, म्हणजे भिक्खूंचे विहारातले पावसाळ्याचे तीन महिने, संपल्यावर दुसऱ्या दिवशी तालुक्याला शर्यतीत उतरते. पुढच्या टोकाला बसते लात्सामी, कच्च्या पपईची चटणी विकणारी. तिचा आवाज पलीकडच्या थायलंडच्या काठावर ऐकू जातो. मागच्या टोकाला सुकाणूचं वल्हं धरून उभी असायची बुआलाय. पुढची ओरडते, मागची बघते. पाण्याची ओढ कुठे आहे, भोवरा कुठे फिरतोय, वाळूचा दांडा पाण्याखाली कुठवर आलाय, हे बुआलायला पायांतून कळायचं. ती मागे होती तोवर आमची होडी पहिल्या तिनांत यायचीच.

मग तिची आई वाट चुकली. म्हातारपणी माणसं विसरायला लागतात, माणसं ओळखेनाशी होतात, त्याला आमच्याकडे असं म्हणतात. विएंतियानच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि औषध नाही हेही सांगितलं.

आईचं नाव फुई. सगळं गाव तिला मे-थाव फुई म्हणतं, मे-थाव म्हणजे आजी. ताठ बाई. नदीतलं शेवाळ गोळा करून, त्यावर तीळ पसरून तिने वाळवलेल्या पापडांना बाजारात थांबावं लागत नसे. सकाळी भिक्खू दानासाठी बाहेर पडत तेव्हा ओळीत पहिली बसलेली फुईच. खांद्यावर शेला, समोर चिकट भाताची करंडी, मान खाली. मी तिच्या शेजारी कित्येक वर्षं बसले. माझं लक्ष इकडेतिकडे जायचं, तिचं कधी नाही.

आधी ती कालवणात दोनदा मीठ घालायला लागली. मग मेलेल्या नवऱ्यासाठी जेवण झाकून ठेवायला लागली. एक दिवस बुआलाय तिचे केस विंचरत होती, तेव्हा तिने आरशात बघून फार अदबीने विचारलं, "तुम्ही कुणाच्या हो?"

पुढे अदब गेली. चांदीचा कमरपट्टा ती स्वतःच कुठेतरी लपवायची, आणि मग रस्त्यावर उभी राहून ओरडायची, "ही कामाला ठेवलेली बाई चोर आहे! माझा पट्टा खाल्ला हिने!" बुआलाय तो तांदळाच्या कणगीतून काढून द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा चोरी. लोक तिला भेटले की म्हणायचे, "कसं करतेस ग सगळं?" आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जायचे. तिने विहारात येणं सोडलं, बाजारात बोलणं सोडलं, होडी तर सोडलीच.

सगळ्यात वाईट वेळ तिसऱ्या प्रहराची. चारच्या सुमाराला ऊन तिरपं झालं की म्हातारीला वाटायचं, पहाट झाली. ती शेला घ्यायची, करंडीत भात भरायची आणि चपला काढून रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून बसायची. भिक्खू येण्याची वाट बघत. आता भिक्खू दुपारनंतर अन्न घेत नाहीत, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही माहीत असतं. तिथून जाणारे हसायचे, किंवा न हसण्याचा फार प्रयत्न करायचे. बुआलाय समजवायची, "आई, भंते सकाळी येऊन गेले." म्हातारी म्हणायची, "तू मला पुण्य करू देत नाहीस. माझं पुण्यसुद्धा चोरायचंय तुला." अंधार पडेपर्यंत हे चालायचं, आणि मग रडणं.

माझं घर समोरच आहे. एका संध्याकाळी बुआलाय माझ्या जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसली. तिच्या नखांत भात होता.

"बाई, आज मी करंडी ओढली तिच्या हातातून," ती म्हणाली. "सगळा भात मातीत सांडला. ती एक एक शीत उचलायला लागली, आणि मी उभी राहून बघत होते. मला काय वाटलं सांगू? वाटलं, ही आता मरेल तर बरं."

"वाटलं. केलं काही नाहीस."

"करंडी ओढलीच की."

मी तिच्यासाठी पाणी आणलं. ती प्यायली आणि उठून गेली, कारण आई एकटी होती.

त्या पावसाळ्यात दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. पहिली म्हणजे थोरल्या बहिणीचा फोन. बुआलायने तो माझ्या ओसरीवर घेतला, आणि खेमफोन मोठ्यानेच बोलते.

"तू जरा प्रेमाने समजाव ना तिला," खेमफोन म्हणाली.

"ताई, तू ये आणि प्रेमाने समजाव."

"तेच म्हणते. वर्षावास संपला की येते आणि घेऊनच जाते तिला इकडे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दार लावलं की जाणार कुठे? एक मुलगी ठेवू बघायला. तुझी तरी सुटका."

फोन ठेवल्यावर बुआलाय म्हणाली, "सुटका म्हणाली ती. आणि बाई, मला क्षणभर आनंद झाला. आई तिकडे त्या खोलीत काय करेल, हे नंतर आठवलं."

दुसरी गोष्ट म्हणजे लात्सामी बुआलायच्या घरी आली, मी तिथेच बसले होते. ती जिना चढतानाच बोलायला लागते.

"बुआलाय! दोन वर्षं आम्ही नदीतून ओंडक्यासारख्या वाहत गेलो. गेल्या साली होडी आडवी झाली आणि पंचांच्या नावेवर आपटली. पंच पाण्यात! शिट्टी वाजवत बुडाला बिचारा. या वर्षी तू मागे उभी राहिली नाहीस तर मी होडी छपराबाहेर काढू देणार नाही, सांगून ठेवते."

"सराव कधी असतो?"

"नेहमीचा. चार वाजता. त्याआधी उन्हात मरायचंय का?"

"आणि आई रस्त्यावर कधी बसते?"

लात्सामी अडखळली. "मग तेवढा तास कडी घाल ना बाहेरून. तासाभराने काय होतंय?"

"घातली होती एकदा," बुआलाय म्हणाली. "दाराच्या आतून खाली तिच्या नखांचे ओरखडे आहेत. बघायचेत?"

लात्सामीने दाराकडे एकदा बघितलं. मग ती उठली, म्हाताऱ्या फुईपुढे हात जोडले आणि जिना उतरून गेली.

तर आता असं होतं. वर्षावास संपला की म्हातारी तिसऱ्या मजल्यावर जाणार, आणि बुआलाय मोकळी होणार. किंवा म्हातारी इथेच राहणार, आणि बुआलाय तिच्याबरोबर घरात बुडून जाणार. तिसरं काही दिसत नव्हतं. बुआलायला दोन्ही नको होतं, पण ती मागणारी बाई नव्हती. कुणाच्या लावणीला, कापणीला ती दोन वर्षांत गेली नव्हती. ज्याच्या शेतात आपण राबलो नाही त्याला हाक कशी मारायची, असा आमच्याकडचा हिशेब.

सराव सुरू झाला तो दिवस मला चांगला आठवतो. सकाळी पाऊस पडून गेला होता. विहारापासून नदीकडे जाणारी वाट फुईच्या घरावरून जाते, आणि चिखलामुळे तिच्यावर एकेरी फळ्या टाकल्या होत्या. चार वाजले. म्हातारी शेला घेऊन गुडघ्यांवर बसलेली. तिच्या मागे बुआलाय, छत्री धरून. मी माझ्या ओसरीवर.

विहाराच्या कोपऱ्यावरून होडीच्या बायका येताना दिसल्या. फळी एकेरी म्हणून एकामागे एक. पाय अनवाणी, कारण होडीत चपला नेत नाहीत. अंगात या वर्षीचे नवे सदरे. ते तालुक्याच्या टायरवाल्याने दिले होते, आणि त्याच्याकडे जो रंग उरला होता तोच दिला होता. नारिंगी.

मला काय होणार ते कळलं, पण ओसरीवरून मी काय करणार होते?

म्हातारीने करंडी कपाळाला लावली. मान खाली घातली. भाताची एक चिमूट बोटांत घेऊन हात वर उचलला.

सगळ्यांत पुढे लात्सामी. काखेत वल्हं, हातात होडीतलं पाणी उपसायचं लाल प्लास्टिकचं भांडं. ती थांबली, आणि मागची सगळी ओळ एकमेकींवर आदळत थांबली. लात्सामीने बुआलायकडे बघितलं. बुआलायने मान हलवली, जा पुढे, असं. लात्सामी गेली नाही. ती एक पाऊल पुढे आली आणि लाल भांडं खाली धरलं. म्हातारीने त्यात चिमूटभर भात ठेवला.

मी नंतर विचारलं तिला, "तुला हे सुचलं कसं ग?"

"सुचलं कुठे बाई! म्हातारीने वर बघितलंच नाही. भिक्खूंच्या तोंडाकडे बघत नाहीत ना, तशी. मग मी तशीच पुढे कशी जाणार?"

तिच्या मागची जी होती तिने टोपी उलटी धरली. तिच्या मागचीने ओंजळ. एकीने वल्ह्याचं पातं आडवं धरलं, आणि त्यावर म्हातारीने भात असा बेताने ठेवला, जणू रोजच वल्ह्यावर ठेवते. चाळीसेक बायका. करंडी तर लहान. मी बघत होते, ओळ लांब आहे हे कळल्यावर फुईची चिमूट लहान होत गेली. जिला स्वतःच्या पोरीचं नाव आठवत नव्हतं, तिने भात ओळीच्या शेवटपर्यंत पुरवला. मग हात जोडले, गुडघे चोळत उठली आणि बुआलायला म्हणाली, "चला, झालं. घरी जाऊ."

घरी जाऊन ती निजली. उठून जेवली. संध्याकाळी रडणं नाही, पट्टा नाही. बुआलाय माझ्या जिन्याशी येऊन कुजबुजली, "बाई, आज तिने मला चोर म्हटलं नाही."

चारपाच दिवस असंच झालं. ओळ गेली की मी फुईजवळ जाऊन बसायचे, आणि बुआलाय मागच्या परसातून धावत नदीवर जायची. ओळीत ती येत नव्हती. पहिल्या दिवशी तिला मागच्या टोकाला उभी बघून बायकांनी वल्ही पाण्यावर आपटली म्हणे. तिने फक्त म्हटलं, "दोन वर्षांत वाळूचा दांडा सरकलाय. डावीकडून चला."

आणि मग पा-मोनने तोंड उघडलं. पा-मोन ही गावाची मावशी. सगळ्यांची काळजी करते आणि कुणाला झोपू देत नाही. तिने होडीच्या बायकांना विहिरीवर गाठलं. "भिक्खूंसाठी काढलेलं अन्न तुम्ही घेता? मेल्यावर भुकेली भुतं व्हाल! पोट डोंगराएवढं आणि तोंड सुईच्या नाकाएवढं. मग बसा वल्ही मारत." नेमकी त्याच दिवशी होडीतली सेंगदाव नावाची पोरगी ओकायला लागली. तिने आदल्या दिवशी बिघडलेले मासे खाल्ले होते, हे तिच्या घरचं मांजरसुद्धा सांगू शकलं असतं. पण भीतीला एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी बायका शेतातल्या वाटेने नदीवर गेल्या.

म्हातारी बसून राहिली. ऊन उतरलं, चिलटं आली. ती हलायला तयार नाही. बुआलाय तिच्या मागे बसली होती. शेवटी फुई स्वतःशीच म्हणाली, "भंते या वाटेने येत नाहीत आता. आपण काय पाप केलं?"

तेव्हा बुआलाय माझ्याकडे वळून म्हणाली, "ताईला येऊ दे बाई. घेऊन जाऊ दे. मी हरले." ती शाळेत नापास झाली होती तेव्हासुद्धा असं म्हणाली नव्हती.

मी लात्सामीला निरोप धाडला. ती आली ती चटणीचं मुसळ हातात घेऊनच. आधी तिने आपल्या चमूला शिव्या दिल्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत. मग म्हणाली, "चला विहारात. पापपुण्य पा-मोन ठरवणार का?"

फुईला माझ्या सुनेपाशी बसवून आम्ही तिघी गेलो. थोरले भंते होडीच्या छपराखाली झाडत होते. आम्ही बसलो, तसा त्यांनी झाडू बाजूला ठेवला. लात्सामीने सगळं सांगितलं, टायरवाल्यासकट.

"भात खाल्लात का?" भंतेंनी विचारलं.

"अरे देवा, नाही! नदीत सोडला. माशांना."

"मासे काही म्हणाले?"

लात्सामीला हसावं की नाही कळेना. "नाही, भंते."

"मग माशांना दान मिळालं. आता देणाऱ्याचं बघू. फुई उपासिका मनापासून देते का?"

"माझ्यापेक्षा मनापासून देते," मी म्हटलं.

"मग दान झालं. तुम्ही मधली माणसं. दिलेलं पोचवता. पोचवणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही. मला दुपारनंतर येता येत नाही, नियम आहे. तुम्हाला येता येतं. पण आशीर्वादाची गाथा म्हणायची नाही, ते सोंग होईल. आणि ओळ जाईल तेव्हा कुणी बोलायचं नाही, हसायचं नाही. लात्सामी, जमेल?"

"नदीपर्यंतच ना, भंते?"

"नदीपर्यंतच."

"जमवते."

मग ते बुआलायकडे वळले. "तू ओळीत का नसतेस?"

बुआलाय जमिनीकडे बघत होती. "आई वाकते, भंते. माझ्यापुढे आई वाकणार? मला ते सोसायचं नाही. तिच्या हातून माझ्यावर ते पाप नको."

आईने लेकीपुढे वाकणं आमच्याकडे कुणालाच सोसणारं नाही. मी मान हलवली. भंतेंनी नाही हलवली.

"सुकाणूवाली चालताना कुठे असते?"

"शेवटी."

"मग शेवटी चाल. ती तुझ्यापुढे वाकत नाही, भिक्खूंपुढे वाकते. तू तिथे स्वतःला आणून उभी करू नकोस, म्हणजे झालं." आणि त्यांनी झाडू उचलला.

दुसऱ्या दिवशी लात्सामी ओठ घट्ट मिटून पुढे चालत होती. चेहरा लाल झाला होता, पण आवाज नाही. सेंगदावही होती, अजून पिवळी. एकेकीने भात घेतला. शेवटी बुआलाय आली. नारिंगी सदरा तिला मोठा होत होता. आईसमोर आली आणि तिचं ठरलेलं सगळं गेलं. वल्हं खाली टाकून ती चिखलात गुडघ्यांवर बसली, आईच्या हातापेक्षा खाली डोकं जावं म्हणून.

फुईने मान वर केली नाही. पण हळूच म्हणाली, "उठा भंते. खाली ओल आहे."

बुआलाय उठली. ओंजळ पुढे केली. करंडीत उरलेला सगळा भात म्हातारीने तिच्या ओंजळीत ठेवला, आणि हात जोडून वाकली. दोन वर्षांत त्या हातांनी बुआलायला ढकललं होतं, ओरबाडलं होतं. त्या दिवशी नदीवर सगळ्यांनी आपापला भात पाण्यात सोडला. बुआलायने सोडल्यावर हात बराच वेळ पाण्यातच ठेवला, असं सेंगदाव सांगत होती.

त्यानंतर सराव चुकला नाही. ओळीनंतर फुईजवळ बसायला मी असायचे, कधी सेंगदावची आई, कधी आणखी कुणी. कुणी तिला समजवायचं नाही, तिच्याशी वाद घालायचा नाही, एवढं बुआलायने आम्हाला शिकवलं. नवऱ्याबद्दल विचारलं तर, "नदीवर गेलेत," म्हणायचं. खोटं नव्हतंच ते. त्याची राख नदीतच सोडली होती.

खेमफोन शर्यतीच्या आदल्या दिवशी आली. चारची ओळ तिने ओसरीवरून बघितली आणि ती चिडलीच.

"हे काय नाटक लावलंय? सगळं गाव आईला हसतंय!"

"कोण हसतंय?" बुआलायने विचारलं.

खेमफोनने रस्त्यावर बघितलं. कुणीच हसत नव्हतं. ती घरात जाऊन आईचे कपडे पिशवीत भरायला लागली.

शर्यतीच्या दिवशी एक अडचण निघाली, जिचा कुणीच विचार केला नव्हता. अंतिम फेरी नेहमी उशिरा, ऊन उतरताना. होडीच्या सगळ्या बायका तालुक्याला. मग चार वाजता ओळीत चालणार कोण? सकाळी निघताना बुआलाय दारातच अडून उभी राहिली. "मी नाही जात. लात्सामीला सांगा."

तेव्हा खेमफोन पिशवी खाली ठेवून म्हणाली, "तू जा. मी बघते." आवाजात प्रेम वगैरे नव्हतं. थोरली बहीण आहे ती, हुकूम द्यायची सवय. बुआलाय गेली.

चार वाजता फुई बसली. खेमफोन तिच्याशेजारी. तिने काहीतरी समजवायला सुरुवात केली. "आई, हे बघ, दुपार आहे आत्ता." म्हातारीने तिच्याकडे असं बघितलं की खेमफोनचं वाक्य अर्धंच राहिलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. रस्ता रिकामा. फुई करंडी पुन्हा पुन्हा कपाळाला लावत राहिली.

खेमफोन उठली, ओरडत गावात पळाली. शहरातल्या चपला घालून, चिखलातून. तिने आधी गाठलं कुणाला, तर पा-मोनला. काय बोलली मला माहीत नाही. पण थोड्या वेळाने कोपऱ्यावरून एक ओळ आली. गावात उरलेल्या सगळ्या म्हाताऱ्या. कुणाच्या हातात सूप, कुणाच्या हातात परात. सगळ्यांत पुढे पा-मोन, पुढे धरलेला तांब्या दोन्ही हातांत गच्च, तोंड असं की भुकेलं भूत व्हायला निघाली आहे पण वेळेवर पोचायचंय. आणि सगळ्यांत शेवटी खेमफोन, अनवाणी. मीसुद्धा ओसरीवरून उतरले आणि ओळीत शिरले.

फुईने सगळ्यांना दिलं. खेमफोनने ओंजळ पुढे केली, आणि आई वाकली तेव्हा तिने तोंड फिरवून घेतलं. घरात शिरल्यावर ती मला म्हणाली, "बाई, तिसऱ्या मजल्यावर ओळीने कोण येणार हो?" उत्तर तिला नको होतं. ती पिशवीतले कपडे काढून परत दोरीवर टाकायला लागली.

शर्यत मी पाहिली नाही, पण लात्सामीने ती मला इतक्या वेळा सांगितली आहे की पाहिल्यासारखीच आहे. अंतिम फेरीत आमच्याशेजारी तालुक्याची होडी. त्यांच्या बायका तरण्या, त्यांची होडी नवी, आणि गेली तीन वर्षं त्याच पहिल्या. अर्ध्यापर्यंत त्या होडीभर पुढे होत्या.

"मी ओरडत होते बाई, पण मला माहीत होतं, आपण गेलो," लात्सामी सांगते. "आणि एवढ्यात होडी उजवीकडे वळायला लागली. काठाकडे! मी मागे वळून म्हटलं, अग बये, कुठे नेतेस? तर ही शांत. म्हणाली, 'वल्ही मारा, बघू नका.' आणि मग खालून कुणीतरी उचलल्यासारखं झालं. पाण्याची ओढ तिथे काठाला सरकली होती, या वर्षीच. त्या तालुक्याच्या पोरी मधल्या संथ पाण्यात वल्ही मारून मरत होत्या, आणि आम्ही त्यांच्या शेजारून, अशा! होडीच्या टोकाला बांधलेली झेंडूची माळ, तेवढ्याने पुढे. पंचाने माझ्याकडे बघून शिट्टी वाजवली. गेल्या सालचाच पंच. हसत होता मेला."

अंधार पडता पडता होडी घाटाला लागली. सगळं गाव खाली उतरलं होतं. खेमफोन आईचा हात धरून वरच्या पायरीवर उभी. बुआलाय वर आली, भिजलेली, आवाज बसलेला. ती मागणारी बाई नव्हती हे मी वर लिहिलंच आहे. पण त्या संध्याकाळी ती बहिणीसमोर उभी राहिली आणि श्वास सावरायच्या आत म्हणाली, "ताई, आई इथेच राहील."

"माहीत आहे."

"थांब, माझं झालं नाही. आई इथे राहील, पण महिन्यातला एक आठवडा तू येऊन राहशील. घर मला मिळालं, आई दोघींची आहे. भातकापणीला मी जाणार आहे, आणि पुढच्या वर्षी सरावालाही. तू येणार की नाही, आत्ता सांग. सगळ्या गावासमोर."

सगळं गाव ऐकतच होतं. लात्सामीने तोंडावर हात ठेवला होता, स्वतःचं तोंड बंद ठेवायला.

"येईन," खेमफोन म्हणाली. मग थोरल्या बहिणीसारखी, "आधी ओले कपडे बदल."

"नंतर," बुआलाय म्हणाली.

खेमफोन आईला घरी घेऊन गेली. विहाराच्या अंगणात जेवण मांडलं होतं: भाजलेले मासे, चटणी, भाताच्या मोठमोठ्या करंड्या. ढोल सुरू झाला, बायका गोलात नाचायला लागल्या. बुआलाय नाचली नाही. ओल्या सदऱ्यात चटईवर बसली, पाय दुमडून, नीट, आणि जेवायला लागली. घरी काय चाललंय, हे तिने एकदाही विचारलं नाही. दोनदा मासा मागून घेतला.

"अग, जिंकलो आपण! उठ की!" लात्सामी तिच्या डोक्यावरून ओरडली.

"जेवू दे," बुआलाय म्हणाली, आणि चटणीचं भांडं स्वतःकडे ओढून घेतलं.